परमुलुखातील आरोपी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली जाते. तिच्यात व्यवहाराचे शहाणपण आहे, हे कोणीही नाकारणार नाही. भाऊबंदकीच्या दाव्यांत दोन-दोन पिढ्या गेलेली आणि शेवटी वाड्याची केवळ एक भिंत हाती लागलेली घराणी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तथापि या म्हणीचा थोडा बारकाईने विचार केला, तर एक गोष्ट ध्यानी येते. ही म्हण फिर्यादीला उद्देशून आहे. पायरी चढावी की न चढावी, हे ज्याच्या हाती आहे त्याला ती सांगितलेली आहे. ज्याला पायरीशी ओढून आणले आहे, त्या आरोपीला तिचा काय उपयोग? त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. केलेला अगर न केलेला गुन्हा कबूल करून सुटावे, किंवा थांबून आपली बाजू मांडावी. आणि तो आरोपी जर परमुलुखातला असेल, तर ‘शहाणपण’ त्याला नेहमी पहिलीच वाट दाखविते. या शहाणपणाची नैतिक किंमत किती, आणि ती कोणी चुकती करावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय निवडला आहे तो वरकरणी किरकोळ वाटेल असा: आपल्या राज्याबाहेर वाहन चालविताना ज्याच्यावर वाहतुकीच्या नियमभंगाचा ठपका येतो, त्याला मिळणारे अथवा न मिळणारे कायदेशीर साहाय्य. वाङ्मयाला वाहिलेल्या या अंकात चलानाचा आणि दंडाच्या पावतीचा विचार कशाला, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमचे उत्तर असे, की न्यायाचा प्रश्न दंडाच्या रकमेने लहान-मोठा होत नसतो. खुनाच्या खटल्यात न्यायव्यवस्था सावध असते, कारण सर्वांचे डोळे तिच्याकडे लागलेले असतात. तिचा खरा स्वभाव दिसतो तो पाचशे रुपयांच्या प्रकरणात, जेथे पाहणारा कोणी नसतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार कोणत्याही राज्यात मिळालेला वाहन चालविण्याचा परवाना संपूर्ण भारतात चालतो. एका राज्यात झालेली वाहनाची नोंदणी दुसऱ्या राज्यातही ग्राह्य असते. बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन तेथे ठेवल्यासच नव्या नोंदणीचा प्रश्न येतो. देशात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क तर राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानेच दिलेला आहे. म्हणजे चालक म्हणून माणूस सबंध देशाचा नागरिक आहे. इंदूरची गाडी बेळगावात, बडोद्याची हैदराबादेत आणि ग्वाल्हेरची गोव्यात जाऊ शकते, आणि तिला कोणी ‘का आलास’ म्हणून विचारू शकत नाही.

परंतु ठपका येताच हा देशाचा नागरिक एकाएकी परका होतो. ज्या ठिकाणी कथित गुन्हा घडला, तेथील न्यायालयातच त्याची चौकशी व्हावयाची, हा दंडप्रक्रियेचा जुना आणि योग्य नियम आहे. साक्षीदार तेथे, घटनास्थळ तेथे, तेव्हा खटलाही तेथेच. या नियमाविषयी आमची तक्रार नाही. मात्र त्याचा सारा भार एकाच पक्षावर पडतो, हे नजरेआड करता येत नाही. ठपका ठेवणारा आपल्या घरी असतो. ज्याच्यावर ठपका आला तो घरापासून चारशे कोस दूर असतो. त्याच्यापाशी तीन गोष्टी नसतात: वेळ, भाषा आणि ओळख. या तिन्हींचा एकत्र अभाव म्हणजेच परकेपण.

एखाद्या मालट्रकच्या चालकाचे उदाहरण घ्या. गाडीत नाशवंत माल भरलेला आहे, बिल्टीवर पोहोचण्याची तारीख लिहिलेली आहे, उशीर झाल्यास भाड्यातून रक्कम कापली जाणार आहे. एका अनोळखी शहराच्या वेशीवर त्याला थांबविले जाते आणि सांगितले जाते, की या वेळेत अवजड वाहनांना येथे प्रवेश नाही. फलक होता, पण तो त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत होता. किंवा झाडाआड होता. किंवा मुळीच नव्हता. यांतले खरे काय, हे ठरविण्यासाठीच न्यायालय असते. पण तेथे दाद मागावयाची तर तारीख घ्यावी लागेल, तारखेला पुन्हा यावे लागेल, मुक्काम करावा लागेल, वकील शोधावा लागेल. आणि दंड तर पाचशे रुपये! चालक हिशोब करतो, मालकाने दिलेल्या वाटखर्चातून पाचशे रुपये काढून देतो, आणि निघतो. तो दोषी होता की निर्दोष, हे आता जगात कोणालाही कधीच कळणार नाही.

आम्ही राज्यशासनाच्या सेवेत तीन तपांच्या आसपास काढली. त्या काळात कागदावर ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य किती वेळा वाचले, याची गणती नाही. सेवेत असताना त्या वाक्याचा अर्थ सरळ वाटतो. निवृत्तीनंतरच्या निवांतपणात मात्र मनात येते, की कबुली ही एक नैतिक क्रिया आहे. ‘हे मी केले’ असे म्हणणे म्हणजे सत्याशी आपले नाते जाहीर करणे होय. प्रायश्चित्ताची आपली सारी कल्पना याच पायावर उभी आहे. केलेल्या कर्माची कबुली माणसाला हलके करते. पण न केलेल्या कर्माची कबुली, आणि तीही केवळ बचाव परवडत नाही म्हणून दिलेली, त्याला कोणते समाधान देणार? त्याच्या मनात एवढेच उरते, की या मुलुखात खरे बोलणे महाग आहे आणि खोटे बोलणे स्वस्त. कायद्याविषयीचा आदर असा पाच-पाचशे रुपयांनी झिजत जातो.

येथे कोणी म्हणेल, की दंड भरणे म्हणजे कबुली नव्हे, तो एक व्यवहार आहे. अधिनियमाच्या दोनशेव्या कलमानुसार अनेक गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटविता येते, आणि ही रक्कम प्रत्येक राज्यसरकार आपापल्या राजपत्रात जाहीर करते. २०१९ च्या दुरुस्तीने देशभर दंडाच्या रकमा वाढल्या. ज्या सर्वसाधारण कलमाखाली पूर्वी शंभर रुपये होते, तेथे पाचशे झाले. परवान्याविना वाहन चालविण्याचे पाचशेचे पाच हजार झाले. १ सप्टेंबर २०१९ रोजी या तरतुदी लागू होताच त्याच महिन्यात गुजरातने आपल्या राज्यापुरत्या अनेक रकमा खाली आणल्या. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत थकलेल्या दंडावर निम्मी सूट दिली. राज्यांना हा अधिकार आहे आणि त्यामागे कारणेही असतील. पण मग प्रवाशाच्या दृष्टीने एकाच चुकीचे मोल सीमा ओलांडताच बदलते. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ असे आपण म्हणतो. ते म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने कायदा जाणून घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. दर दोनशे मैलांवर जर वेळा, वेग, रकमा आणि फलकांची लिपी बदलत असेल, तर अज्ञानाचा सगळा दोष प्रवाशाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

गेल्या काही वर्षांत यंत्राने यात मोठा बदल केला आहे. चौकातला कॅमेरा गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र टिपतो आणि चलान मालकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडते. २०१९ पासून दिल्ली, हरियाणा आणि पुढे इतर राज्यांत अशा प्रकरणांसाठी आभासी न्यायालये सुरू झाली. तेथे न जाता, घरबसल्या दंड भरून मोकळे होता येते. परवाना व नोंदणीचे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविले तरी ग्राह्य धरावेत, असा नियम २०१८ मध्येच झाला. ही सर्व सोय स्वागतार्ह आहे. तिने न्यायालयांवरील भारही कमी केला आहे. पण तिची घडण नीट पाहावी. दंड भरावयाचा असेल तर बोटाच्या टोकावर काम होते. ठपका अमान्य असेल तर मात्र प्रकरण त्या-त्या भागातील नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. म्हणजे कबुली घरपोच, बचाव मात्र परगावी! इंदूरच्या एखाद्या गृहस्थाच्या गाडीचा क्रमांक खोट्या पाटीवर रंगवून कोणी दूरच्या शहरात गाडी हाकली, तर चलान या गृहस्थाच्या दारी येते. ज्या शहरात तो आयुष्यात गेला नाही, तेथे आपण कधी आलोच नव्हतो हे सांगण्यासाठी त्याला जावे लागण्याची पाळी येते. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण यंत्रयुगातही जुनी झालेली नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप रस्त्यांवरील मृत्यूंचा. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. एखाद्या मध्यम आकाराच्या शहराची वस्ती दरवर्षी पुसली जावी, असा हा आकडा आहे. अशा देशात चालकांच्या बचावाची चिंता करावी की त्यांच्या चाकाखाली आलेल्यांची? आम्ही या आक्षेपापुढे मान लववितो, पण त्याचा निष्कर्ष मान्य करीत नाही. नियम मोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु शिक्षेने माणूस सुधारतो तो ती न्याय्य आहे असे त्याला पटले तर. जो चालक चूक असो वा नसो, पैसे देऊन सुटतो, तो चूक टाळावयास शिकत नाही. तो फक्त पैसे बाजूला काढून ठेवावयास शिकतो. दंड ही त्याच्या लेखी पथकराची आणखी एक पावती होते. बचावाची खरी संधी ज्याला मिळाली आणि तरीही जो दोषी ठरला, त्याच्यावरच शिक्षेचा संस्कार होतो.

दुसरा आक्षेप असा, की वकील मिळवून देणे म्हणजे अपराध्याला पळवाट दाखविणे. हा समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार खोल रुजलेला आहे. पण बचाव आणि पळवाट यांत भेद आहे. बचाव भरसभेत, उजेडात, उत्तर-प्रत्युत्तराने होतो. पळवाट अंधारात असते. अनुभव तर असा, की जेथे बचावाची वाट बंद असते तेथेच पळवाटेचा धंदा चालतो. परगावी अडकलेल्या माणसाभोवती दलाल जमतात, ते वकील नसतो म्हणून. त्याच्या हातात कोणीतरी ‘साहेबांशी बोलून देतो’ असे म्हणत हात घालतो, कारण साहेबांशी रीतसर बोलण्याचा मार्ग त्याला ठाऊक नसतो. प्रामाणिक विधिसाहाय्य हे भ्रष्टाचारावरचे औषधही आहे, हे आम्ही सरकारी नोकरीतल्या अनुभवावरून निःशंकपणे सांगू शकतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा: पाचशे रुपयांच्या प्रकरणात सरकारने हजारो रुपयांचा वकील का द्यावा? हा आक्षेप सर्वांत सबळ आहे, आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी प्रश्नाची गंभीर बाजू पाहणे आवश्यक आहे. सगळीच प्रकरणे पाचशे रुपयांची नसतात.

मद्यपान करून वाहन चालविल्याच्या पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. धोकादायक रीतीने वाहन चालविण्यासही तुरुंग आहे. अपघातात मृत्यू झाल्यास निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. जुन्या दंडसंहितेत त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद याच संहितेत होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि संहिता लागू करताना ते पोटकलम वगळण्यात आले. त्या संपाच्या वेळी आपल्यापैकी अनेकजण पेट्रोलच्या रांगेत उभे राहून चालकांवर चिडले होते. पण ते पळतात का, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला. मोटार वाहन अधिनियमाचे एकशे चौतिसावे कलम जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर घालते, आणि त्याच वाक्यात जमावाच्या प्रक्षोभाचा अपवादही मान्य करते. कायद्यालाच ठाऊक आहे, की परक्या पाटीची गाडी आणि परकी बोली बोलणारा चालक गर्दीच्या तावडीत सापडला तर चूक कोणाची हे कोणी विचारीत नाही. ज्याला खात्री आहे की आपले ऐकून घेतले जाईल, तो थांबण्याची शक्यता अधिक. जखमीचा जीव वाचावा असे वाटत असेल, तर चालकाला ही खात्री देणे आपल्याच हिताचे आहे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा मूळ गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क आहे. पण हक्क कागदावर आणि जामीनदार गावी! परगावी आपली हमी घेणार कोण? या संदर्भात आमच्या मध्य प्रदेशातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेले मोतीराम यांचे १९७८ चे प्रकरण स्मरणीय आहे. मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस. त्याला जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाची हमी नाकारली. कारण काय, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आदेश रद्द केला आणि मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. त्या निकालात त्यांनी असा प्रश्न उभा केला आहे, की एखादा मल्याळी, कानडी, तमिळ अथवा तेलुगू माणूस बस्तर, पोर्ट ब्लेअर, पहलगाम किंवा चांदनी चौकात पकडला गेला, तर त्याने तेथे जमीनजुमला असलेला जामीनदार आणावयाचा कोठून? भारत एक आहे ही घोषणा न्यायालयाच्या दारात खरी ठरते की खोटी, याचीच ती परीक्षा होती. पुढे दंडप्रक्रियेत अशीही तरतूद झाली, की जामीनपात्र गुन्ह्यात जो आठवड्याभरात जामीनदार देऊ शकत नाही त्याला निर्धन मानून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे. पण हे सारे त्या परमुलुखातील चालकाला सांगणार कोण? आणि दंडाधिकाऱ्यांपुढे मांडणार कोण?

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभा राहिलेला सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस आरंभीच विनंती करतो, की मी न्यायालयात प्रथमच आलो आहे, येथील बोलण्याची रीत मला परकी आहे. एखादा परदेशी आपल्या बोलीत बोलला असता तर तुम्ही त्याला सांभाळून घेतले असते, तसेच मला घ्या. तो अथेन्सचाच होता, भाषाही तीच होती, तरी न्यायालयाची भाषा त्याला परकी वाटली. मग ज्याला कन्नड, तेलुगू अथवा तमिळ यांतील अक्षरही येत नाही त्या माळव्यातील चालकाने, किंवा ज्याला हिंदीचा गंध नाही त्या तमिळ चालकाने काय करावे? आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगितली जावी, असे कायदा म्हणतो. पण साक्षीची पाळी येण्याआधीच, जप्तीच्या कागदावर आणि जबाबावर सह्या होऊन गेलेल्या असतात. न वाचता येणाऱ्या कागदावर केलेली सही ही सही नव्हे, ती शरणागती होय.

आता खर्चाच्या आक्षेपाकडे वळू. विधिसाहाय्य ही दया नव्हे, तो हक्क आहे, हे आपल्या देशात ठरून गेलेले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला, आणि आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला वंचित होऊ नये असे राज्यसंस्थेला बजाविण्यात आले. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनामूल्य वकील हा जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग मानला. १९८१ च्या खत्री प्रकरणात ते म्हणाले, की हा हक्क आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्या क्षणापासून आहे आणि तो आहे हे त्याला सांगणे त्यांचे कर्तव्य आहे. १९८६ च्या सुकदास प्रकरणात आणखी स्पष्ट झाले, की आरोपीने मागितला नाही म्हणून हा हक्क बुडत नाही. १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार तालुक्यापासून दिल्लीपर्यंत विधिसेवेची यंत्रणा उभी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, ठरावीक उत्पन्नाखालील व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, हे तिचे हक्कदार आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशात कोठूनही लागतो. हा क्रमांक प्रत्येक चालकाच्या खिशात असावयास हवा. तो किती जणांपाशी आहे, हे आपण प्रत्येकाने आपल्या गाडीच्या चालकाला विचारून पाहावे.

या यंत्रणेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. केवळ दंडाच्या प्रकरणात, कोठडीबाहेर असलेला, उत्पन्नमर्यादेच्या थोडा वर असलेला परमुलुखातील माणूस तिच्या कक्षेत सहजी येत नाही. आणि तेथे प्रत्येकाला पूर्ण वेळेचा वकील देणे शासनाला परवडणारही नाही, हे आम्ही मान्य करतो. पण साहाय्य म्हणजे दर वेळी वकिलाचे भाषण नव्हे. मोटार वाहन अधिनियमाचे दोनशे आठवे कलम असे सांगते, की किरकोळ प्रकरणांत आरोपीने स्वतः अथवा वकिलामार्फत हजर राहावे, किंवा गुन्हा कबूल करून रक्कम पाठवावी, असे समन्सवरच लिहिलेले असावे. म्हणजे दंडापुरत्या प्रकरणात आरोपीने स्वतः चारशे कोस यावे असा कायद्याचाही आग्रह नाही. हवा आहे तो तेथे उभा राहणारा एक विश्वासू माणूस. दंड जसा घरबसल्या भरता येतो, तशीच हरकतही घरबसल्या ऐकली जावी. न्यायालयीन दृक्‌श्राव्य सुनावणीची सवय २०२० च्या साथीनंतर आपल्याला झालेलीच आहे. गाडी त्या वेळी अन्यत्र होती याचा पुरावा जर कागदोपत्री असेल, तर तो सादर करण्यासाठी माणसाला प्रवास करावा लागू नये. यात खर्च थोडा आहे. इच्छा तेवढी हवी.

आणि येथेच आमच्या माळव्याची एक आठवण सांगावीशी वाटते. देवी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्य केले. त्यांची कीर्ती ज्या कामांवर उभी आहे, त्यांतील कितीतरी कामे होळकरांच्या राज्यात नाहीतच. काशी, गया, सोमनाथ येथील मंदिरे, घाट, धर्मशाळा या परक्यांच्या सत्तेखालील प्रदेशांत उभ्या राहिल्या. या कामांमागील तत्त्व भक्तीचे होते, तसेच ते प्रवाशाविषयीच्या कर्तव्याचेही होते. आपला माणूस आपल्या हद्दीबाहेर गेला म्हणून आपली त्याच्याविषयीची जबाबदारी संपत नाही. आणि त्या धर्मशाळेत उतरणारा आपलाच असला पाहिजे, अशीही अट नव्हती. त्या काळच्या यात्रेकरूला निवारा, पाणी आणि वाटेची सुरक्षितता हवी होती. आजच्या प्रवाशाला निवारा पैशाने मिळतो. त्याला जे पैशाने मिळत नाही, ते म्हणजे संकटात आपली बाजू समजून घेऊन मांडणारा माणूस. विधिसाहाय्य ही आजची धर्मशाळा आहे.

आपण, महाराष्ट्राबाहेर दोन-तीन शतके राहिलेली मराठी घराणी, या प्रश्नाला इतरांहून अधिक समजू शकतो. आपले पूर्वज कोणी फौजेबरोबर, कोणी दप्तराबरोबर, कोणी नुसते पोटामागे परमुलुखात आले. त्यांना कोणीतरी ओसरी दिली, कोणीतरी हमी घेतली, कोणीतरी तेथील भाषा शिकविली, म्हणून आपण येथले झालो. आज आपल्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा सहज बोलल्या जातात. बेळगावात मराठी-कन्नड, हैदराबादेत मराठी-तेलुगू-उर्दू, बडोद्यात मराठी-गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीत मराठी-हिंदी. या बहुभाषिकतेचा आपण अभिमान बाळगतो. नाट्यमहोत्सवात आणि भाषणांत तिचा उल्लेखही करतो. पण परगावचा एखादा चालक ठाण्याच्या ओट्यावर, हातात न वाचता येणारा कागद घेऊन बसलेला असतो, तेव्हा त्या बहुभाषिकतेचा उपयोग होतो काय? आपल्या संस्थांमध्ये निवृत्त वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, शिक्षक आहेत. जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाला प्रत्येक शहरातून दुभाष्यांची एक यादी देणे आपल्याला अशक्य नाही. कागद वाचून दाखविणे, हक्क समजावून सांगणे, घरी निरोप पोहोचविणे, वकिलापर्यंत नेणे: यांतील एकाही कामाला सनद लागत नाही.

हे करताना तो चालक मराठी आहे काय, असे विचारू नये. तसे विचारले तर आपण ओळखीच्या जुन्याच बाजारात आणखी एक दुकान मांडले, एवढाच त्याचा अर्थ होईल. परमुलुखात अडकलेल्याची जात, भाषा आणि गाडीची पाटी न पाहता जे साहाय्य मिळते, तेच न्यायाचे. बाकीचे सर्व वशिल्याचे. तो दोषी असेल तर दोषी ठरो. दंड भरो, तुरुंगात जावो. पण त्याचे म्हणणे काय होते, ते त्याच्या भाषेत विचारले गेले होते आणि ते कोणीतरी नीट मांडले होते, एवढे त्या मुलुखाला सांगता आले पाहिजे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरे असेलही. पण ज्याला ती चढावी लागली आहे, त्याच्याबरोबर एक पायरी चढण्याइतके शहाणपण आपल्यात असावे.